पुढे गेलेली बॅग

१

गॅसचं बटण मी तीनदा बघतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं किती खरं धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एकदा डोळ्यांनी बघतो, एकदा बोटांनी दाबतो, आणि मग दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा एकदा बघतो. माझी बायको विद्या होती तेव्हा चपला घालून बाहेरूनच विचारायची, "झालं तीनदा? चला आता." ती गेल्यावर हे विचारणारं कुणी उरलं नाही.

इथे उजेड कमी आहे. अक्षर वाकडं येईल, त्याबद्दल माफ करा.

बत्तीस वर्षं मी पुण्याच्या एका कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवला. फ्रेंचांनी सायगॉनमध्ये बांधलेल्या सार्वजनिक इमारतींवर माझा चारशे पानांचा प्रबंध आहे. तिथलं पोस्ट ऑफिस, टाउन हॉल, नाट्यगृह, कॅथेड्रल. सगळं आराखडे आणि जुने फोटो समोर ठेवून लिहिलेलं. शहर मी कधी पाहिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी विद्या गेल्यावर मुलगा उल्हास मला रियाधला घेऊन आला. तो इथे बँकेत संगणकाचं काम बघतो. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या नावावर आहे; कागदोपत्री तोच माझा कफील, जामीनदार. या वर्षी तो म्हणाला, "बाबा, ईदच्या सुट्टीत तुमचं सायगॉन करून टाकू."

विमानतळावर बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. पासपोर्टच्या रांगेत माझ्या पुढे तीन माणसं उरली आणि मला गॅस आठवेना. मी दोनदा बघितला होता हे नक्की. तिसऱ्यांदा बघितला होता का?

उल्हास चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने बायकोकडे, तन्वीकडे पाहिलं. तिने फोनमधून मान वर केली नाही.

"जा बाबा. टॅक्सी करा आणि घरी जा. बघून या तुमचा गॅस."

"आणि तुम्ही?"

"आम्ही जातोय. अवनी महिनाभर दिवस मोजतेय." दहा वर्षांची माझी नात माझ्याकडे न बघता बुटाच्या टोकाने फरशी घासत होती. "आठवडाभर एकटे नीट राहून दाखवा. दिवसाला चाळीस फोन करायचे नाहीत. तेवढंही जमलं नाही, तर आल्यावर नाशिकचं नक्की करू."

नाशिक म्हणजे वृद्धाश्रम. त्याचा फॉर्म तन्वीच्या कपाटात आहे, मी पाहिला आहे. नाशिक म्हणजे खुरूज निहाई, या देशातून कायमचं बाहेर जाणं. एकदा ते झालं की इकामा संपला, आणि माझ्यापुरतं हे घरही.

"माझी बॅग?" मी विचारलं.

"ती पुढे गेली, बाबा. ती आता सायगॉनलाच मिळणार."

मी घरी आलो. गॅस बंद होता.

२

नीट राहायचं मी मनावर घेतलं. सकाळी भात-वरण, दुपारी झोप, संध्याकाळी बाल्कनीतल्या कुंडीला पाणी. घर पुसून काढलं. स्वयंपाकघरामागे मोलकरणीसाठी बांधलेली एक खोली आहे, इकडे बहुतेक फ्लॅटमध्ये असते तशी. तिला खिडकी नाही, आणि कडी आणि दिव्याचं बटण दोन्ही बाहेर. मोलकरीण आमच्याकडे नाही, म्हणून तिथे रिकाम्या बॅगा ठेवतो. तीही मी झाडून घेतली.

फोन करायचा नाही, आला तर घ्यायचा, असं ठरवलं होतं. अकरा वाजता अवनीचा व्हिडिओ आला. तिथे दुपारचे तीन.

"आजोबा, लुक! तुमचं पोस्ट ऑफिस!"

पिवळी भिंत, हिरव्या झडपा, दारावर घड्याळ. आत गेल्यावर मी तिला छताकडे फोन धरायला लावला.

"त्या लोखंडी कमानी बघ. गाइड आयफेलचं नाव सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. आता डावीकडच्या भिंतीवर रंगवलेला नकाशा दिसतोय?"

"येस! आणि राइटला पण!"

"डावीकडचा तारायंत्राच्या लाइनींचा. आणि दाराशी लाकडी टेलिफोन बूथ असतील ओळीने."

अवनी फोन फिरवत गेली. गर्दी होती. झेंडे धरलेले गाइड, पोस्टकार्डं लिहीत बसलेले गोरे. शेवटच्या बूथमध्ये पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा पाठ करून उभा होता. कानाशी काही धरलं असावं. अशी टोपी माझ्या बॅगेत होती. अशा टोप्या जगात लाखो असतील.

मागून उल्हासचा आवाज आला, "बरंय ना बाबा तिकडे?"

"उत्तम. एकच सांगायचं होतं. माझी एक्झिट री-एंट्री काढलीस ना, ती रद्द कर. मी गेलोच नाही, तर तो बाहेर जाऊन परत यायचा परवाना उघडा पडून राहायला नको."

"करतो. झाला एक फोन, एकोणचाळीस उरले," तो म्हणाला, आणि तन्वी हसली.

३

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल होतं. दुरुस्तीसाठी परांची बांधलेली, त्यातून लाल भिंत डोकावत होती.

"अवनी, या विटा कुठून आल्या माहीत आहे का?"

"फ्रान्सहून, बोटीतून," ती कंटाळून म्हणाली. "आजोबा, यू टोल्ड अस ऑलरेडी."

"मी? कधी?"

"मॉर्निंगला. ब्रेकफास्टच्या वेळी. आणि त्या विटांवर शेवाळ चढत नाही, ते पण."

ते मी खरंच सांगणार होतो. पुढचंच वाक्य ते होतं.

फोन ठेवल्यावर मी कॉलची यादी पाहिली. सकाळचा एकही फोन नव्हता. पण यादीवर किती भरवसा ठेवायचा? आणि माझ्यावर किती? गेल्या वर्षभरात मी दोनदा गोळी दुबार घेतली आहे, एकदा तन्वीला विद्या म्हणून हाक मारली आहे. बोललो असेन आणि विसरलो असेन. किंवा पूर्वी कधी जेवताना हे सांगितलं असेल आणि पोरीची वेळेची गल्लत झाली असेल. ही दोन्ही कारणं चांगली आहेत. मी ती वहीत लिहिली, अनुक्रमांक घालून, आणि मग बसून राहिलो, कारण तिसरं कारण सुचत नव्हतं आणि पहिली दोन पुरत नव्हती.

दुपारी खाली भाकरीच्या दुकानाशी हारून भेटला. हारून आमच्या इमारतीचा राखणदार, हैदराबादचा. मला पाहून त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"चाचा? आप तो गए थे ना सबके साथ?"

"विमानतळावरून परत आलो."

"कब? मैं तो गेट पे इच था."

"त्याच दिवशी. दुपारी."

"मैं देखा नै," तो म्हणाला, आणि मी वळल्यावरही तिथेच उभा राहिला. माझ्या सँडल तोच बत्हा बाजारातल्या मोच्याकडे घेऊन गेला होता, पट्टा तुटला तेव्हा. मोच्याने तपकिरी पट्ट्यावर निळा दोरा घातला. मी कुरकुर केल्यावर हारून म्हणाला होता, "अब कोई चोरी नै करता चाचा, पैचान हो गई." त्या सँडलही बॅगेतच होत्या.

४

तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी केला नाही. चौथ्या दिवशी बारापर्यंत वाट पाहिली आणि मग एक केला. एक चालेल असं वाटलं.

उल्हास गोंगाटात होता. हजारो मोपेडींचा एकच सलग आवाज.

"ती एक्झिट री-एंट्री रद्द केलीस का?"

"अहो, रद्द कशी करणार? वापरलीय ती."

"वापरली म्हणजे?"

"म्हणजे अ‍ॅपवर दिसतंय तसं. चौघंही देशाबाहेर. तुमच्या नावापुढे पण तारीख आहे." तो रस्ता ओलांडत असावा, मध्येच कुणाला तरी म्हणाला, "सावकाश, हात धरा माझा." मग मला, "आता कसली काळजी करताय? परत येताना शिक्का मारतील, झालं."

"अरे, पण मी इथे आहे. रियाधला. घरी."

तिकडे नुसत्या मोपेडी वाजत राहिल्या.

"हॅलो, कोण बोलतंय?" उल्हासने विचारलं.

हे त्याने चेष्टेने विचारलं असेल. लहानपणी तो अशी चेष्टा करायचा. मी "बाबा" म्हणालो. फोन बंद झालेला होता.

मी इकामा काढून पाहिला. फोटोतला माणूस मीच होतो. पासपोर्ट पाहायला कपाट उघडलं आणि आठवलं की पासपोर्ट रांगेत माझ्या हातात होता. टॅक्सीत बसताना तो हातात होता का, हे आठवेना. घर तीनदा शोधलं. मिळाला नाही.

५

पाचव्या दिवशी फोन अवनीने केला, पण माझ्यासाठी केला नसावा. तिच्या हातून लागला असावा. पडद्यावर आधी आकाश, मग तारांचं जंजाळ, मग नाट्यगृहाचा कमानदार दर्शनी भाग. फोन कशाला तरी टेकवून ठेवला गेला. फुटपाथवरची कॉफीची टपरी, बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, त्याहून जेमतेम उंच टेबल. टेबलावर बर्फ घातलेल्या कॉफीचे तीन ग्लास आणि अवनीचा नारळ.

तिघं दिसत होते. अवनीला कॉफी देत नाहीत. उल्हासचा एक ग्लास, तन्वीचा एक.

"आणि ती कॉलेजातली गोष्ट सांगा ना, प्राचार्यांच्या छत्रीची," तन्वी म्हणत होती. ती हसत होती, डोळे पुसत होती. चार वर्षांत ती माझ्यासमोर अशी हसलेली मला आठवत नाही. छत्रीची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. सांगायचा धीर झाला नव्हता.

टेबलाच्या पलीकडून कुणीतरी सांगू लागलं. शब्द कळत नव्हते. लय कळत होती. विनोदाच्या आधी थोडं थांबायचं, ते वर्गात मी बत्तीस वर्षं थांबलो तसंच होतं. फक्त या आवाजाला कंप नव्हता.

"काय बदललात हो बाबा!" तन्वी म्हणाली. "ना गॅस, ना कुलूप, ना बीपी. सगळी काळजी रियाधला ठेवून आलात वाटतं!"

सगळे हसले. चौघांचं हसू मी वेगवेगळं मोजू शकत होतो.

टेबलाखाली पावलं दिसत होती. उल्हासचे बूट, तन्वीच्या चपला, अवनीचे दुमडलेले पाय. आणि चौथी जोडी, तपकिरी, डाव्या पट्ट्यावर निळा दोरा.

उल्हासने घातल्या असतील, मी म्हटलं, बॅग त्यांच्याकडेच आहे. उल्हासचे बूट मला दिसत होते, तरीही मी ते म्हटलं.

"अवनी!" मी हाक मारली. "अवनी, फोन उचल!"

ती वाकली. तिचा चेहरा पडद्यावर आला. तिने मला पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान मागे वळवून टेबलापलीकडे पाहिलं.

"आजोबा," ती तिकडे बघून म्हणाली, "देअर्स समवन ऑन द फोन."

एक हात पुढे आला. म्हातारा, डाग पडलेला, माझ्या घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला. माझं घड्याळ माझ्या हातावर होतं. त्या अंगठ्याने पडदा झाकला. शांतपणे, लहान मुलाचे डोळे झाकावेत तसा.

६

त्यानंतर माझा नंबर कुणी घेतला नाही. मी एकूण किती फोन केले ते सांगत नाही. चाळिसाच्या वर गेले.

सहाव्या दिवशी दुपारी दाराचं कुलूप फिरलं. हारून होता, राखणदाराकडे असते ती किल्ली घेऊन. मला पाहून तो आत आला नाही.

"चाचा, उल्हास साब बोले, फ्लॅट खाली है. बोले, घर के वायफाय से कोई फोन करके बच्ची को डरा रा. जाके देखो बोले."

"हारून, तू ओळखतोस ना मला?"

"पैचानता." तो माझ्या पायांकडे बघत होता. मी अनवाणी होतो. "मैं साब को बोला भी, चाचा को तो मैं दुकान पे देखा. तो साब हँसे. फोन उनों को दिए."

"कुणाला?"

"आपको," हारून म्हणाला. "आप इच बात किए मेरे से. बोले, हारून, वो पट्टा एकदम मजबूत सिला तुम्हारे मोची ने. अम्मी की आँख का ऑपरेशन हुआ क्या, पूछे."

हारूनच्या आईच्या डोळ्याचं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी त्याला फक्त गेट, पाणी आणि कुलूप यांबद्दल विचारत आलो.

"मग मी कोण आहे?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्याला का विचारला, कळत नाही. चार भाषा येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने, आणि राखणदाराला.

"मेरेकू लफड़े में नक्को डालो, चाचा. मेरा भी इकामा है, कफील है. आपके पास पासपोर्ट है? कागज पे आप बाहर हैं. कोई बुलाया तो मैं क्या बोलूँ?" त्याने दार ओढलं. मग थोडं उघडून म्हणाला, "कल सुबे आ रे वो लोग. उसके पैले खुदीच निकल जाओ. मैं किसी को बोला नै."

७

मी गेलो नाही. कुठे जाणार? आणि मला एक आशा होती. समोरासमोर आलो की उल्हास ओळखेल. दोघं उभे राहिले, तर मुलगा बापाला ओळखेलच. घर लख्ख होतं. आठवडाभर मी नीट राहिलो होतो. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि हॉलमध्ये दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

अकराला लिफ्ट थांबली. बॅगांची चाकं वाजली, अवनी बडबडत होती. मग माझा आवाज आला, दाराबाहेरून.

"किल्ली माझ्याकडे दे, तन्वी. तू दमलीस."

माझे पाय मला स्वयंपाकघरातून मागे घेऊन गेले. धाडस मी आयुष्यात केलेलं नाही. मी बॅगांच्या खोलीत शिरलो, दार लोटलं आणि अंधारात उभा राहिलो. थोडं स्थिरस्थावर झालं की बाहेर जाईन, असं ठरवलं.

"बापरे, घर किती स्वच्छ आहे!" तन्वी म्हणाली. "हारूनने कुणाला तरी बोलावलं होतं वाटतं."

"म्हणजे कुणी राहिलं नव्हतं इथे," उल्हास म्हणाला. "अवनी, बघ. उगाच घाबरलीस."

चहा झाला. गॅस पेटला, आणि बंद झाला. एकदाच. कुणी बघायला गेलं नाही.

"बाबा, तुमच्याशी बोलायचं होतं," तन्वी म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "नाशिकचा फॉर्म मी आज फाडून टाकते. तुम्ही इथेच राहायचं. कायम."

"अगं, एवढं काय त्यात," तो म्हणाला.

मी भिंतीला टेकलो. मला राहायला मिळालं होतं. पास झालो होतो. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं की कसलं, हे मी अजूनही सांगू शकत नाही. आता बाहेर जावं, आत्ताच, ती "बाबा" म्हणते आहे तोवर. मी दाराच्या मुठीकडे हात नेला.

"बॅगा मी ठेवते, बाबा."

"राहू दे. माझी मी ठेवतो."

चाकं स्वयंपाकघराच्या फरशीवरून जवळ आली. मी खाली वाकलो. दाराखालच्या फटीत उजेड होता. त्यात दोन पावलं येऊन थांबली. तपकिरी पट्टा, निळा दोरा, आणि टाचेच्या कडेला माझीच जुनी भेग. तो आत बघत नव्हता. बघायची गरज नसल्यासारखा उभा होता. मी श्वास धरला, त्यानेही धरला असावा, कारण मला कुणाचाच ऐकू आला नाही.

"आत जागा नाही, तन्वी," तो म्हणाला. "बॅग बाहेरच ठेवतो."

बॅग दाराला टेकली. फटीतला उजेड अर्धा झाला, आणि तेवढ्या उजेडात, खिशातल्या वहीत, मी हे लिहितो आहे.

कडी सरकली. थोडा वेळ काही नाही. तो बघत असावा. मग कडी दाबल्याचा आवाज. मग पावलं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. परत आली.

मी मोजत होतो. सवयच आहे. तोंडातून निघून गेलं, अगदी हळू, "झालं तीनदा?"

पलीकडून, तितक्याच हळू, माझा आवाज आला.

"झालं."